दारात दोन गाड्या: एक ओझ्याची, एक हौसेची

प्रश्न: मी दिंडोरी तालुक्यात राहतो. वय ३४. सहा एकर द्राक्षबाग आणि दोन एकर टोमॅटो. वडिलांची टाटा २०७ पिकअप होती, ती दोन वर्षांपूर्वी विकली. तेव्हापासून भाड्याच्या पिकअपवर काम चालतं आणि ऐन तोडणीत गाडी मिळत नाही. यंदा हातात ९ लाख रुपये आहेत. त्यातून एक जुनी, दणकट पिकअप घ्यायची आहे. शिवाय कॉलेजपासूनची एक इच्छा आहे. गिअरची, चालवायला मजा येईल अशी एक कार. मोबाइलवर माझदा एमएक्स-५ आणि टोयोटा हायलक्सचे व्हिडिओ बघत बसतो. वडील म्हणतात, ‘शेतकऱ्याला कशाला हवीत असली थेरं?’ बायको म्हणते, घ्यायचीच तर ऑटोमॅटिक घे, मलाही चालवता येईल. मित्र म्हणतो, एकच डबल केबिन पिकअप घे, दोन्ही कामं होतील. घरात पाच वर्षांची मुलगी आहे. काय करू?
– एक बागायतदार, दिंडोरी

उत्तर:

दादा, आधी मित्राचा सल्ला बाजूला ठेवू. डबल केबिन, म्हणजे मागे सीटची दुसरी ओळ असलेली पिकअप घेतली की हौदा आखूड होतो, म्हणजे तोडणीच्या दिवशी दोन फेऱ्यांच्या जागी तीन फेऱ्या. आणि चालवायला ती शेवटी मालगाडीच. मागे कमानपाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग), उंच बांधा, दीड टनाच्या पुढचं वजन. नांदुरीच्या घाटात वळणावर ती अंग टाकते आणि रिकामी असली की खड्ड्यावर मागून उडते. तुमचं पोतं अर्धं भरेल आणि हौसही अर्धीच राहील. दोन गाड्या घ्या, पण दोघींना एकाच मापानं मोजू नका. पिकअप बघताना विचारा, ही बंद पडली तर अर्ध्या दिवसात, गावाच्या आसपास, कोण चालू करून देईल? आणि कार बघताना विचारा, रविवारी सकाळी काही काम नसताना मी हिची किल्ली उचलेन का?

तुम्ही ज्या दोन गाड्यांचे व्हिडिओ बघता त्या नीट बघण्यासारख्याच आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं. एमएक्स-५ पहिल्यांदा आली १९८९ साली. दोन सीट, उघडं छत, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. पहिल्या गाडीचं वजन जेमतेम साडेनऊशे किलो आणि ताकद ११५ अश्वशक्तीच्या आसपास. आजच्या हिशेबानं ही काही मोठी ताकद नाही. तरीही सगळ्या पिढ्या मिळून एमएक्स-५ चे दहा लाखांवर नग विकले गेले, कारण ती हलकी आहे, तिचा गिअर मनगटाच्या एका हालचालीत पडतो आणि स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळतो. माझदा आपल्याकडे कार विकत नाही. ते नाव आपण पाहिलं ते स्वराज माझदाच्या टेम्पोवर आणि बसवर. परदेशातून वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही, आणि वर जकात इतकी की गाडीच्या किमतीएवढी रक्कम पुन्हा मोजावी लागते. शिवाय दोनच सीट. मुलगी कुठे बसणार? हायलक्स ही पिकअप १९६८ पासून जगभर राबते आहे, आपल्याकडे २०२२ मध्ये आली, पण नवी घेतली तर तुमचे नऊ लाख तिच्या पासंगालाही पुरणार नाहीत.

मात्र या दोघींनी तुम्हाला जे आवडायला लावलं ते इथे मिळतं. हलकेपणा आणि गिअरची मजा एका गाडीत, कुठेही दुरुस्त होणारा दणकटपणा दुसरीत.

आधी पिकअप. पोट तिच्यावर आहे.

नाशिक जिल्ह्यात राहण्याचा एक मोठा फायदा तुम्हाला आहे. बोलेरो आणि स्कॉर्पिओ नाशिकच्या कारखान्यात घडल्या, महिंद्राची इंजिनं इगतपुरीला बनतात. या इंजिनांवर हात बसलेले फिटर ओझरपासून घोटीपर्यंत गावोगावी सापडतात, आणि सुटे भाग किराणा दुकानात साखर मिळावी तसे मिळतात. म्हणून माझा कौल बोलेरो पिकअपला आहे, २,५२३ सीसीच्या इंजिनाची. तुमच्या वडिलांना २०७ ची सवय आहे, ती गाडीही खोटी नाही. तिचं इंजिन जवळजवळ तीन लिटरचं, जास्त ओझं शांतपणे ओढतं. चांगली सापडली तर जरूर घ्या. पण आता रस्त्यावरच्या बहुतेक २०७ वयानं थकल्यात, आणि चांगल्या गाड्या मालक सोडत नाहीत. टाटा एस, आपला छोटा हत्ती, २००५ पासून गावागावात आहे. पण सुरुवातीच्या मॉडेलचं दोन सिलिंडरचं ७०२ सीसी इंजिन १६ अश्वशक्तीचं. शेतातून गावच्या रस्त्यापर्यंत ठीक, क्रेट भरून कसारा उतरून वाशीला जायला नाही.

बोलेरो पिकअपमध्येही एक फाटा आहे आणि तिथे बहुतेक जण फसतात. बोनेट उघडा आणि डिझेलचा पंप शोधा. पंपातून चार नळ्या थेट चार नोझलकडे (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरकडे) गेलेल्या दिसल्या तर पंप जुना, मेकॅनिकल. नळ्या आधी एका जाड आडव्या पाइपात जाऊन तिथून वाटल्या जात असतील आणि नोझलच्या डोक्यावर वायरीचे सॉकेट असतील, तर ती कॉमन रेल. कॉमन रेल वाईट नाही. धूर कमी, ओढ चांगली, डिझेलही कमी पितं. पण तुम्ही शेतकरी आहात. फवारणीच्या ट्रॅक्टरसाठी तुमच्या शेडमध्ये डिझेलचा ड्रम असणारच. पावसाळ्यात त्या ड्रमच्या तळाशी पाणी साचतं, बारीक गाळ बसतो, आणि घाईच्या दिवशी तेच डिझेल पिकअपच्या टाकीत जातं. जुना पंप ते बरंच सहन करतो. कॉमन रेलचा इंजेक्टर हजार बारच्या पुढच्या दाबावर काम करतो, त्याला पाण्याचा थेंबही सोसत नाही. एक इंजेक्टर गेला की तोडणी थांबते, कारण तो गावातल्या फिटरच्या पान्यानं दुरुस्त होत नाही. तेव्हा मेकॅनिकल पंपाची धडधाकट गाडी मिळाली तर तीच घ्या. कॉमन रेल घेतली तर ड्रममधलं डिझेल तिला कधीच पाजू नका, पंपावरच भरा, आणि फिल्टरच्या खालचा पाणी काढायचा स्क्रू महिन्यातून एकदा सैल करून बघत जा.

गाडी बघायला सकाळी लवकर जा आणि मालकाला आधी सांगून ठेवा की इंजिन सुरू करू नका. गेल्यावर पहिलं काम म्हणजे बोनेटवर तळहात ठेवा. गार लागलं पाहिजे. कोमट लागलं तर तुम्ही येण्याआधी गाडी तापवून ठेवलेली आहे, म्हणजे गार असताना ती सहज चालू होत नसावी. थंडीतल्या सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होणारी जुनी डिझेल गाडी म्हणजे अर्धी परीक्षा पास. मग धूर बघा. क्षणभर काळा आला तर चिंता नको. निळा येत राहिला तर ऑइल जळतंय. पांढरा जात नसेल तर नोझल किंवा कॉम्प्रेशनची भानगड. इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण सैल करून तिथेच उलटं ठेवा. हलकं थरथरलं तर ठीक. झाकण नाचून खाली पडायला लागलं आणि भोकातून भकाभक धूर आला, तर पिस्टन रिंग संपल्यात. तिथून पुढे भाव करण्यात वेळ घालवू नका.

आता जे कोणी करत नाही ते करा. घरून एक जुनी चादर न्या, ती गाडीखाली टाका आणि त्यावर पाठ टेकून झोपा. केबिन संपते आणि हौदा सुरू होतो त्या जागी चेसीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) दोन्ही लांब पट्ट्यांवरून बोट फिरवा. जुन्या गाडीची चेसी मातीनं आणि ऑइलनं सारखीच मळलेली असते. मधेच वीतभर पट्टा ताज्या काळ्या रंगाचा दिसला, बोटाला वेल्डिंगचा उंचवटा लागला, तर ती गाडी कधीतरी मधून तुटली आहे. मग मागचे पाटे बघा. सगळ्यात वरचा, मुख्य पाटा जिथे शॅकलमध्ये (चेसीला जोडणाऱ्या कडीत) बसतो, तिथे केसासारखी तांबूस गंजाची रेघ असेल तर ती चीर आहे. दोन्ही बाजूंच्या पाट्यांची संख्या मोजा. एका बाजूला एक पाटा जास्त टाकलेला असेल तर गाडीनं कायम मर्यादेबाहेर माल ओढलाय.

एवढं सांगतोय त्यामागे कारण आहे. २०११ साली मी ओळखीतल्या एका विक्रेत्याकडून जुनी पिकअप घेतली होती. नवा रंग, नवी ताडपत्री, आत नवे सीट कव्हर. इंजिन तासभर ऐकलं, खाली मात्र वाकलो नाही. चौथ्या महिन्यात पेठ रस्त्यावर सावळघाटात, टोमॅटोचे क्रेट भरलेले असताना, मागून ठक्क असा आवाज आला आणि गाडी डाव्या अंगावर बसली. मुख्य पाटा दुभंगला होता आणि त्याच्या वरचं चेसीचं जुनं वेल्डिंग उकललं होतं. गुजरातकडे निघालेल्या एका ट्रकच्या ड्रायव्हरनं आपला जॅक दिला, लाकडी ठोकळे लावले, स्वतः आमच्यासोबत क्रेट उतरवले. दुसरी गाडी येऊन माल भरेपर्यंत अंधार पडला. त्या माणसाचं नाव विचारायचं राहून गेलं, ते अजून मनाला लागून आहे. त्या दिवसापासून कोणाचीही जुनी पिकअप बघायला गेलो की चादर माझ्या डिकीत असते.

ब्रेकबद्दल एकच गोष्ट. काही पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक दांडी असलेला व्हॉल्व्ह असतो. हौद्यात माल असेल तसा तो मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करतो. गळायला लागला की पुष्कळ जण तो काढून नळी सरळ जोडून टाकतात. मग रिकामी गाडी पहिल्या पावसात जोरात ब्रेक लावला की मागून फिरते. व्हॉल्व्ह जागेवर आहे का, दांडी हलते का, फिटरकडून खात्री करून घ्या.

ओझ्याचा हिशेब तुम्हीच घाला. सव्वा टनाची गाडी असेल तर २० किलोचा माल आणि क्रेटचं वजन धरून साधारण ५५ ते ६० क्रेट होतात. आपल्याकडे ८० आणि ९० भरलेले रोज दिसतात. तुमची गाडी तशी भरू नका. पाटे, बेअरिंग, क्लचप्लेट यांचं आयुष्य तिथेच संपतं, आणि उतारावर ती थांबत नाही.

आणि हात जोडून एक विनंती. छाटणीला, थिनिंगला (घड विरळ करायला) पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या मजूर बायांना हौद्यात उभं करून आणू नका. सगळेच आणतात हे मला माहीत आहे. मालवाहू गाडीत माणसं नेणं बेकायदा आहे, आणि गाडी उलटली तर त्या माणसांचा विमा लागू होत नाही. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस सोबत असेल तर गोष्ट वेगळी, हौद्यात बसलेले मजूर त्यात येत नाहीत. एखाद्या घरातली कमावती बाई गेली तर भरपाई तुमच्या जमिनीतून द्यावी लागेल, आणि ते घर तर भरपाईनंतरही उभं राहत नाही. त्यांच्यासाठी जीप ठरवा. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

कागदपत्रं थोडक्यात. पिकअप पिवळ्या नंबरपाटीची असते, नव्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) आणि त्यानंतर दरवर्षी. आठ वर्षांनंतर पर्यावरण करही लागतो. त्यामुळे जुन्या पिकअपचा भाव ठरवताना पासिंग कधी संपतंय ते आधी बघा. एक महिना उरला असेल तर टायर, ब्रेक, दिवे, रंग यांचा खर्च तुमच्या गळ्यात येणार. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर ती चालवता येते, सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं आहे. त्यामुळे वडीलही चालवू शकतात. आरसीवर (गाडीच्या नोंदणी दाखल्यावर) फायनान्स कंपनीचा बोजा नाही ना, चलान थकलेली नाहीत ना, हे एमपरिवाहन ॲपवर नंबर टाकून बघा. नव्या सुरक्षा नंबरपाट्या बसवल्यात का तेही विचारा. एमएच-१५ किंवा मालेगावची एमएच-४१ असेल तर बरं. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण एनओसी (तिथल्या आरटीओचा ना हरकत दाखला) आणि इथला कर भरता भरता ती स्वस्ताई उरत नाही.

आता कार. इथे मला जास्त बोलायला आवडेल.

अश्वशक्तीचे आकडे विसरा. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे आणि त्या सरळ रस्त्यावर १२० ला कोणतीही गाडी पळते. मजा आहे ती त्र्यंबकहून मोखाडा-जव्हारकडे जाणाऱ्या वळणांत, ४० ते ७० च्या वेगात. वळण दिसलं, ब्रेक हलकेच दाबला, क्लच दाबून तिसऱ्यातून दुसरा टाकला, गिअर ‘टक्’ करून बसला, क्लच सोडताना इंजिनानं गाडीला धरलं, आणि वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर दिल्यावर पुढची चाकं आत ओढत गेली. हे सगळं तीन सेकंदांत होतं. या तीन सेकंदांसाठीच तुम्हाला ही गाडी हवी आहे. ते हलक्या गाडीत जास्त मिळतं, मोठ्या इंजिनाच्या जड गाडीत कमी.

म्हणून माझी पहिली पसंती मारुतीची २०१८ ते २०२३ मधली पेट्रोल स्विफ्ट, पाच गिअरची. वजन नऊशे किलोच्याही आत. सुरुवातीला ८३ अश्वशक्ती, २०२१ पासून ९०. पहिल्या एमएक्स-५ शेजारी हे आकडे ठेवून बघा, फार मागे नाही ही गाडी. टायमिंग चेन आहे, बेल्ट बदलायची कटकट नाही. दिंडोरीतही दुरुस्त होते. दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) सगळ्या मॉडेलमध्ये. चांगल्या कंपनीचे चार टायर, नवे ब्रेक पॅड आणि खालचे रबर बुश बदलून घेतले की तीच गाडी वेगळी वाटते. एक्झॉस्टचा आवाज वाढवणं, खाली बसवणं, रुंद रिम, यातलं काहीही करू नका. रिम रुंद झाली की स्टिअरिंग जड होतं आणि दिंडोरीच्या रस्त्यावरचा पहिला खड्डा ती वाकवतो.

तिची उणी बाजूही सांगतो, कारण गाडीत मुलगी बसणार आहे. स्विफ्टचा पत्रा हलका आहे. २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत तिला पाचपैकी दोनच तारे मिळाले. फोक्सवॅगनच्या दोन एअरबॅगच्या पोलोला २०१४ मध्ये चार मिळाले होते. महिन्यातून दोनदा कुटुंबासह मुंबईला जाणं असेल तर पोलो जीटी टीडीआय घ्या. १०५ ते ११० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन, गिअर हाताचे, दार लावल्यावर लोखंडी कपाटासारखा आवाज. नाक जड असल्यानं वळणात स्विफ्टएवढी चपळ नाही. तिला टायमिंग बेल्ट आहे, तो बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर घेतल्याच्या आठवड्यात स्वतः बदला, कारण तो तुटला तर इंजिन खोलावं लागतं. पोलो भारतात २०२२ ला बंद झाली, भाग अजून मिळतात, पण मारुतीच्या भावात नाही.

फसण्याच्या दोन जागा. १.२ लिटर पेट्रोलची पोलो जीटी टीएसआय फक्त ऑटोमॅटिक होती. ‘गिअरची जीटी टीएसआय’ म्हणून कोणी जुनी गाडी दाखवली तर बिल्ला बदललेला आहे. गिअरची एक लिटर टर्बो २०२० पासूनची. आणि ह्युंदाईची आय-२० एन लाइन २०२१ ला आली तेव्हा तिला गिअरचा दांडा होता पण क्लचचं पेडलच नव्हतं. खरी सहा गिअरची एन लाइन २०२३ पासून. तुमची मजा डाव्या पायात आहे, तेव्हा बसल्यावर आधी खाली पेडल मोजा.

फियाटच्या अबार्थ पुंतोचा मोह पडेल. १४५ अश्वशक्ती, विंचवाचा बिल्ला, आणि चालवायला खरोखर वेड लावणारी. माझ्या मनात तिच्यासाठी खास जागा आहे. पण फियाट इथून गेली, आणि एखाद्या सेन्सरसाठी गाडी दोन महिने उभी राहिली तर तुमचा विरस होईल. पुण्या-मुंबईत तिच्यावरच जगणारे दोन फिटर ओळखीचे असतील तरच बघा. बलेनो आरएस, २०१७ ते २०२० मधली, १०२ अश्वशक्तीची टर्बो, चारही चाकांना डिस्क, वजन साडेनऊशेच्या आसपास. ही जर जपलेली, एका हातची सापडली तर स्विफ्टच्या आधी तिचा विचार करा. फक्त तिच्या इंजिनाचे भाग साध्या बलेनोचे बसत नाहीत, हे भाव करताना ध्यानात धरा.

२००५ ते २०१० मधल्या जुन्या १.३ स्विफ्टला आजही तोड नाही, पण खासगी गाडीची आरसी १५ वर्षांची असते. मग दर पाच वर्षांनी पासिंग, पर्यावरण कर, आणि २०२२ पासून नूतनीकरणाची फी ६०० वरून थेट हजारांत गेली. आरसीला निदान पाच वर्षं उरलेली गाडी घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. २०२३ च्या आधीच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत, म्हणून इंधनाच्या रबरी नळ्या आणि टाकीचं सील तपासून घ्या.

कार बघताना दोन चाचण्या चुकवू नका. एक, सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत, आणि शेवटच्या वीतभर पट्ट्याचा वास घ्या. पुरातली गाडी धुऊन-पुसून चकचकीत करतात, पण बेल्टच्या गुंडाळीत गाळाची पिवळसर रेघ आणि कुबट वास राहतोच. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण-महाड, आणि आपल्याकडे गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या वर चढतं तेव्हा काठच्या गल्ल्यांत उभ्या असलेल्या गाड्या. त्या सगळ्या कुठेतरी विकल्या जातात. दोन, टायरच्या बाजूला चार अंकी आकडा शोधा. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. मीटर ३०,००० दाखवत असेल आणि क्लचच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल, तर पेडलवर विश्वास ठेवा.

ऑटोमॅटिकचं. वहिनींना गाडी चालवायची आहे, ही या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. त्यांना विचारा, ऑटोमॅटिकच का? बहुतेक वेळा उत्तर असतं, चढावर गाडी मागे येण्याची भीती. ती भीती चार दिवसांत जाते, पण शिकवणारे तुम्ही नसाल तर. नवऱ्यानं शिकवलं की पहिल्याच चढावर भांडण होतं. ड्रायव्हिंग स्कूल लावा. गाडी बघायला त्यांना घेऊन जा, सीट पुढे घेऊन क्लच तळापर्यंत दाबता येतो का ते त्यांनाच बघू द्या. क्लच जड लागला तर ती गाडी सोडा. आणि गुडघ्याच्या दुखण्यामुळे किंवा आणखी कशामुळे त्यांना क्लच नकोच असेल, तर मग त्या म्हणतात ते ऐका, कारण नऊ लाख दोघांच्या घामाचे आहेत.

वडिलांना कार पटवू नका. त्यांना पिकअप बघायला न्या. २०७ चालवलेला माणूस पाटे, धूर, चेसी तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ओळखतो. शेवटचा होकार त्यांचा असू द्या. त्यांचा राग गाडीवर नाही. बाग जळताना, गारपिटीत घड झोडपले जाताना त्यांनी पाहिलंय. अवकाळी पावसाच्या एका रात्रीत वर्ष जातं हे त्यांना ठाऊक आहे. म्हणूनच माझी अट अशी की हौसेच्या गाडीवर एक रुपयाचंही कर्ज नको. पावणेचार लाख पिकअपला, चार लाख कारला, आणि सव्वा लाख बाजूला. पिकअप आधी घ्या, एक तोडणी तिच्यावर काढा. कुठून काय निघतं ते त्या दोन-तीन महिन्यांत कळेल आणि बाजूच्या सव्वा लाखातून ते होईल. कार त्यानंतर, एप्रिलच्या छाटणीची धांदल संपल्यावर. भावही तेव्हा निवांत करता येतो.

व्यवहार ठरला की विक्रेत्याच्या सह्या मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर घ्या, बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र आधी हातात घ्या. विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला टाका. आणि दोन्ही गाड्यांच्या रकमेतले शेवटचे वीस-वीस हजार ॲपवर आरसी तुमच्या नावानं दिसेपर्यंत देऊ नका. सौद्याच्या चिठ्ठीत तसं लिहून घ्या. प्रामाणिक विक्रेता त्याला नाही म्हणत नाही.